माझा दादा, त्यांचा डॉक

फोन लोईसचा आला. ऑक्टोबरातली दुपार होती, मी हॉस्पिटलच्या लॅबमधून नुकतीच घरी पोचले होते, अंगातला कोटही काढला नव्हता. "सूडा," ती म्हणाली. तिला सुधा म्हणता येत नाही, आणि मीही कधी ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडले नाही. "सूडा, वुई लॉस्ट अवर डॉक." आमचा डॉक गेला... माझा सख्खा भाऊ गेल्याची बातमी मला देताना ही बाई 'आमचा' म्हणाली, आणि दुःख पोचायच्या आधी माझ्यापर्यंत राग पोचला. भाऊ गेल्यावर माणसाला असं वाटू नये हे मला कळतं. पण मला तसंच वाटलं, आणि आज इतक्या आठवड्यांनी हीथ्रो विमानतळाजवळच्या स्लाऊमधल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून हे लिहिताना त्यातलं फारसं काही कमी झालेलं नाही.

मग तिने हुंदके आवरत सगळं सांगितलं. दादा सकाळी गावाबाहेरच्या एका म्हातारीला तपासायला निघाला होता. खडीच्या रस्त्यावर त्याला त्रास सुरू झाला असावा. त्याने गाडी व्यवस्थित कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि तो तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने लोईसचा नवरा हॅरॉल्ड आपल्या पिकअपमधून त्या रस्त्याने आला. नेब्रास्कातल्या त्या गावात, विलो फोर्कमध्ये, समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतात. ओळख असो नसो, बोट उचलायचंच. हॅरॉल्डने बोट उचललं. दादाने उचललं नाही. हॅरॉल्ड पुढे गेला, शेताच्या कोपऱ्यापर्यंत गेला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की डॉकने बोट उचललं नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय. तो वळून परत आला तेव्हा सगळं संपलं होतं. लोईस हे सांगताना रडत होती आणि मी रिसिव्हर धरून विचार करत होते, की माझा भाऊ गेला हे जगात पहिल्यांदा कुणाला कळलं, तर मक्याच्या शेतातून जाणाऱ्या एका हॅरॉल्डला.

आम्ही मिरजेचे. दादा, म्हणजे डॉक्टर वसंत, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मला एस.टी. लागायची म्हणून लहानपणी प्रत्येक प्रवासात खिडकीची जागा माझी आणि लिंबू दादाच्या खिशात, अशी आमची वाटणी होती. तो डॉक्टर होऊन ग्लासगोला आला, पाठोपाठ मी लग्न होऊन स्लाऊला आले. माझे यजमान श्रीकांत ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. त्या परक्या देशात माहेर म्हणून मला एकच माणूस होतं, आणि ते ट्रेनने गेलं की संध्याकाळपर्यंत भेटत होतं. भाऊबीज आम्ही एकदाही चुकवली नाही. कधी तो यायचा, कधी मी जायची. बॅगेत ताट, निरांजन, डबीतलं कुंकू, सुपारी. ग्लासगोच्या त्याच्या हॉस्पिटल क्वार्टर्समध्ये पाट नव्हता, म्हणून तो जाडजूड शस्त्रक्रियेच्या पुस्तकावर टॉवेल घालून बसायचा आणि डोक्याला रुमाल बांधायचा. "लवकर ओवाळ, फायर अलार्म वाजेल," असं दर वर्षी म्हणायचा. एका वर्षी तो खरंच वाजला, आणि सगळी क्वार्टर्स खाली रस्त्यावर थंडीत उभी राहिली. दादा कपाळावर कुंकू घेऊन, आपल्या कन्सल्टंटसमोर.

त्याला इथे वरची जागा मिळाली नाही. हुशारीत कमी नव्हता, पण प्रत्येक मुलाखतीनंतर जागा दुसऱ्याच कुणाला तरी जायची आणि दादाला 'व्हेरी स्ट्राँग कँडिडेट' असं तोंडभर सांगितलं जायचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एकदा तो आमच्याकडे जेवायला आला आणि भात कालवता कालवता म्हणाला, "सुधे, मी अमेरिकेला जातोय." जिथे त्यांचे स्वतःचे डॉक्टर जायला तयार नसतात अशा खेड्यांत ते परदेशी डॉक्टरांना बोलावून घेतात, आधी परीक्षा द्यावी लागेल, पुन्हा काही वर्षं ज्युनिअर व्हावं लागेल, असं सगळं त्याने सांगितलं. श्रीकांत म्हणाले, "अहो, पण खेड्यात? इथे एखाद्या डिस्ट्रिक्ट जनरल हॉस्पिटलमध्ये ट्राय करा की अजून." दादा म्हणाला, "तिथे माझी गरज आहे त्यांना." मी म्हटलं, "आणि इथे?" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आमटी मागितली.

मग सुरू झाले रविवारचे फोन. मला वाटलं होतं तो थकलेला असेल, एकटा असेल, माझी आठवण काढत सांगेल की चुकलंच. मी त्याला समजवायची वाक्यंही तयार ठेवली होती. पण नाही. फोनवर नुसतं विलो फोर्क. गावात शिरताना दिसणारं धान्य साठवायचं उंच पांढरं कोठार, दुपारी बाराला वाजणारा अग्निशमनचा भोंगा आणि त्या भोंग्यावर घड्याळ लावणारं गाव, शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या पोरांची फुटबॉल मॅच, त्या वेळी दुकानांना कुलूप नाही आणि दुकानात माणूसही नाही. गावात एकच कॅफे. त्याच्या भिंतीवर खिळ्यांना गावकऱ्यांचे कप टांगलेले, प्रत्येकाचा आपला. तो कप मागून मिळत नाही. गावाला वाटलं की कुणी न बोलता खिळा ठोकतं. दादाचा कप टांगला गेला त्या दिवशी त्याने मला आडवारी फोन केला. एम.आर.सी.पी. पास झाला तेव्हासुद्धा त्याच्या आवाजात इतका आनंद नव्हता. मी म्हटलं, "छान. इथे माझ्या कपाटात तुझे सहा कप आहेत, त्यांचं काय करू?" तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे.

आणि या सगळ्यात लोईस. लोईस त्याच्या क्लिनिकची नर्स, रिसेप्शनिस्ट आणि कोठीघर सांभाळणारी, सगळं एकच. लोईस असं म्हणते, लोईसने आज असं केलं. लग्न त्याने केलंच नाही, आणि तो विषय काढला की तो पेशंटचा विषय काढायचा. लोईस तर हॅरॉल्डची बायको, तीन मुलांची आई, त्यामुळे त्या बाजूचा संशयही घेता येईना. संशय घेता आला असता तर मला बरं वाटलं असतं. बहिणीच्या जागी दुसरी कुणी बसलेली दिसली तर तिच्याविरुद्ध बोलणार तरी काय?

भाऊबीज आम्ही फोनवर करायला लागलो. मी हॉलमध्ये फोनपुढे रांगोळी काढायची, निरांजन लावायची आणि रिसिव्हर सोफ्यावर ठेवून त्याला ओवाळायची. पलीकडून आवाज यायचा, "झालं का?" "थांब, अक्षता राहिल्या." माझी मुलगी मेघना तेव्हा लहान होती. ती शाळेत सांगून आली की माझी आई टेलिफोनची पूजा करते.

शेवटी एक्क्याण्णवच्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघं विलो फोर्कला गेलो. ओमाहाहून दादा गाडीने घेऊन गेला. दोन्ही बाजूंना मका, वर आभाळ, आणि दर पाच मिनिटांनी दादाचं बोट उचललेलं. गावात उतरलो तर जो भेटेल तो म्हणे, "ओ, यू आर द सिस्टर." दुकानदारीणबाईंनी मला विचारलं, गाडीत त्रास नाही ना झाला, तुम्हाला उलटी होते ना? कॅफेतल्या म्हाताऱ्याला माहीत होतं की मी सहावीत गणितात नापास झाले होते. माझं सगळं बालपण त्या गावात वाटून झालेलं होतं, आणि त्यांच्यातल्या एकाचंही मला काही ठाऊक नव्हतं. ते प्रेमानेच बोलत होते. माणसं खरंच चांगली होती. श्रीकांत तर दोन दिवसांत हॅरॉल्डबरोबर ट्रॅक्टरवर बसून आले, मेघना संध्याकाळी त्यांच्या गायींना नावं देत फिरत होती. "आई, मामाचा गाव इज सो नाइस," ती म्हणाली, "आपण इकडे राहायचा का?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला तो मलाच दिसत होता.

लोईस उंच, हातापायांनी भक्कम, तोंडावर तीळच तीळ. पहिल्या रात्री तिने आम्हाला जेवायला बोलावलं आणि पिठलं केलं. ओमाहाच्या भारतीय दुकानातून बेसन आणून, दादाने सांगितलं तसं. पिठल्यात ना लसूण ना धड मीठ, वाटीत ओतलं तर वाटीचा तळ दिसावा इतकं पातळ. आणि दादाने ते दोनदा घेतलं. माझ्या हातचं पिठलं खाऊन जो "जरा मिरची जास्त झालीय" म्हणायचा, तो माझा दादा बोटं चाटत होता.

जेवणानंतर लोईसने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. फडताळातून तिने ॲपल-पाय भाजायचं एक पत्र्याचं तबक काढलं. त्यात वाढदिवसाच्या केकवरची एक मेणबत्ती, जुनी लाल लिपस्टिक आणि मूठभर मक्याचे दाणे. "मला सांग, मी बरोबर करते का?" ती म्हणाली. मला आधी काही कळेचना. मग तिने हाक मारून दादाला आत बोलावलं आणि खुर्चीवर बसवलं. दादाने खिळ्यावरची बियाण्यांच्या कंपनीची हिरवी टोपी काढून डोक्यावर ठेवली. लोईसने त्याला लिपस्टिकचा टिळा लावला, टोपीवर मक्याचे दाणे टाकले, मेणबत्ती पेटवली आणि तबक उलट्या दिशेने फिरवू लागली. दर नोव्हेंबरात पहिल्या रविवारी, चर्चमधून आल्यावर, ती हे करत होती. तिथी हलते हे तिला दादाने सांगितलं होतं, पण रविवार सोयीचा पडतो म्हणून तिने तो ठरवून टाकला होता. गेली कित्येक वर्षं माझ्या भावाला दोन भाऊबिजा होत्या, आणि त्यातली एक मला माहीत नव्हती.

मी तिला सगळं शिकवलं. तबक डावीकडून उजवीकडे. कुंकू, लिपस्टिक नाही. तांदूळ, मका नाही. आधी सुपारी आणि सोन्याची अंगठी फिरवायची, मग दिवा. रविवार नाही, कार्तिकातली द्वितीया. एकेक गोष्ट सांगताना माझा आवाज चढत गेला असणार, कारण हॅरॉल्ड दारात येऊन बघून गेला. लोईस मात्र मान डोलावत होती, मन लावून ऐकत होती. मला वाटलं होतं की ती ओशाळेल, आणि ती तर शिकत होती. तिने विचारलं, "टोपी चालते ना पण?" टोपी चालते, असं मला कबूल करावं लागलं. डोकं झाकलेलं हवं एवढंच शास्त्र, कंपनी कुठली हे सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या घराच्या पायऱ्यांवर आम्ही दोघंच चहा पीत होतो. मी म्हटलं, "तू तिला हे का शिकवलंस?"

"शिकवलं नाही गं. तू फोन ठेवलास की मी क्लिनिकमध्ये अर्धा तास कामाचा राहायचो नाही. तिने विचारलं काय होतं. मी सांगितलं." मग तो म्हणाला, "तिचा धाकटा भाऊ कोठारातल्या धान्यात बुडून गेला. नऊ वर्षांचा होता. तिला भाऊ नव्हता, मला इथे बहीण नव्हती... बसलो खुर्चीवर."

"मी होते की."

"फोनवर होतीस, सुधे."

तो हे टोचायला बोलला नाही. त्याचं बोलणं कधीच टोचणारं नसायचं. पण मला ते इतकं लागलं की मी कप घेऊन आत गेले आणि त्याची धुतलेली भांडी पुन्हा धुतली. लोईसची कीव यायला हवी होती. आलीही. पण कीव आली म्हणून मत्सर जागा सोडत नाही, तो जरा सरकून बसतो एवढंच.

पुढच्या वर्षीपासून लोईस बरोबर तिथीला ओवाळू लागली, म्हणजे माझ्याच दिवशी. मीच शिकवलं होतं, आता बोलणार काय. मी एकच केलं. फोन लवकर करू लागले. माझ्याकडे उजाडून दुपार व्हायला आली की तिकडे जेमतेम पहाट असायची. दादा झोपेतून उठून "अगं, अजून दात घासले नाहीत," म्हणायचा. मी म्हणायची, "असू देत. डोक्यावर काहीतरी घे." लोईस नाश्त्यानंतर यायची. मी आधी. दादाला हे कळत होतं. एकदा तो म्हणाला, "पहिला नंबर तुझाच आहे, एवढी धावू नकोस." तरी मी कधी वेळ चुकवली नाही.

दादा गेल्याच्या त्या फोननंतर आम्ही विलो फोर्कला पोचलो तोवर त्यांनी सगळं ठरवलेलं होतं. कार्यक्रम शाळेच्या जिममध्ये, कारण चर्चमध्ये गाव मावणार नव्हतं. बास्केटबॉलच्या जाळीखाली दादाचा फोटो. पहिली रांग माझ्यासाठी आणि श्रीकांतसाठी रिकामी ठेवलेली, लोईस आणि हॅरॉल्ड मागच्या रांगेत. लोक रांगेने येत होते. मला हस्तांदोलन करत होते, "सॉरी फॉर युअर लॉस" म्हणत होते, आणि मग मागे जाऊन लोईसच्या गळ्यात पडून रडत होते. मी कोरडी बसले होते. माझ्या भावासाठी एक अख्खं गाव रडत होतं आणि मला रडायला जागा सापडत नव्हती. एक शेतकरी उभा राहून म्हणाला की डॉकने माझ्या बापाला, मला आणि माझ्या पोराला तपासलंय, आता पोराच्या पोराला कोण तपासणार? मग तो खाली बसला. मिरजेत कुणी त्याच्यासाठी असं उभं राहिलं नसतं. ग्लासगोत तर नाहीच. हे मला कळत होतं, आणि म्हणूनच जास्त लागत होतं.

अस्थी लोईसनेच माझ्या हातात दिल्या. मी भांडायच्या तयारीने गेले होते. एवढ्या प्रेमाचं गाव आहे, दफनभूमीत जागा मागेल, अर्ध्या तरी ठेवा म्हणेल... तिने काही मागितलं नाही. दोन्ही हातांनी पुढे केल्या आणि म्हणाली, "डॉक म्हणायचा, सूडा घरी नेईल." मी त्या कृष्णेत सोडणार आहे, या डिसेंबरात. भांडण न होता जिंकणं फार वाईट. हात भरलेले असतात आणि कुणावर रागवायचं ते समजत नाही.

गेल्या आठवड्यात भाऊबीज झाली. मी ताट काढलं नाही. फोनकडे पाहायचं नाही असं ठरवून दुपारी बेडरूममधल्या चादरी बदलत होते, तेवढ्यात तो वाजला. लोईस. तिकडे सकाळ होती.

"आज आहे ना?" ती म्हणाली. "डॉकने वर्षाच्या सुरुवातीलाच क्लिनिकच्या कॅलेंडरवर खूण केली होती. मी तबक काढून ठेवलंय... आता त्याचं काय करू, सूडा? ज्यांना भाऊ नसतो त्या तुमच्याकडे काय करतात?"

मला माहीत होतं. माझ्या मावशीला भाऊ नव्हता, आणि दर भाऊबिजेला ती अंगणात जाऊन काय करते ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. पण त्या बायकांमध्ये आपणही आता बसतो हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. 'काही नाही करत' असं सांगून फोन ठेवता आला असता. जिभेवर आलंही होतं.

"चंद्राला ओवाळतात," मी म्हटलं.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. चार दिवस स्लाऊवर ढगांचं झाकण बसलेलं होतं. हीथ्रोची विमानं ढगांच्या वरून ऐकू येत होती, दिसत नव्हती. "तुमच्याकडे आभाळ कसं आहे?" मी विचारलं.

"स्वच्छ," ती म्हणाली. "एक ढग नाही."

अर्थात. आभाळसुद्धा त्यांच्याकडेच.

"मग ऐक," मी म्हटलं. "सूर्य बुडाला की लगेच बाहेर पड, पश्चिमेला बघ. बारीक कोर असते, नखाएवढी. फार वेळ थांबत नाही, लवकर मावळते."

"डावीकडून उजवीकडे," ती म्हणाली.

"हो. आणि तांदूळ नसले तर मका चालेल." मग माझा आवाज फुटला, आणि जिममध्ये जे आलं नव्हतं ते सगळं तिथे, अर्धी चादर हातात घेऊन, मक्यावरून आलं. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "लोईस, इकडे काही दिसणार नाही आज. माझ्याही नावाने ओवाळशील?"

"ओवाळीन की. आपल्या दोघींचं एकदमच ओवाळते."

"नाही," मी म्हटलं. "एकदम नाही. आधी माझ्या नावाने. मग तुझ्या."